नुरा खो-खो

आपली पोरगी नेमकं काय काम करते, हे शेळगावच्या महिपती पैलवानाला आजवर कुणाला धड सांगता आलं नव्हतं. खेळाडू म्हणावं तर पदक नाही. मास्तरीण म्हणावं तर शाळा नाही. स्वरूपा दोन वर्षं आफ्रिकेत, मलावीत होती. तिथल्या खेड्यांतल्या पोरींना खो-खो खेळवायची आणि एक परदेशी संस्था तिला त्याचा पगार द्यायची. का द्यायची, या विचारानं महिपतीच्या डोक्याचा भुगा झाला होता. आता तिला पुन्हा बोलावणं आलं होतं, या खेपेला पाच वर्षांसाठी, आणि सोमवारी होय-नाही कळवायचं होतं.

“आबा, एकदा माझं काम बघा, मग न्हाय म्हणा,” ती म्हणाली.

म्हणून ‘न्हाय’ म्हणायची पक्की तयारी करून तो तिच्या स्कूटीवर मागं बसून पिंपळीला आला. तिथल्या मैदानावर ती सध्या गावातल्या पोरींना खेळवत होती. जिंकेल तिला बांधायला त्यानं पिशवीत फेटाही घेतला होता. तालमीत वाढलेला माणूस, रिकाम्या हातानं मैदानात जाईल होय?

पोरी पळाल्या झकास. सुप्रिया नावाच्या सडपातळ पोरीनं खांबाजवळ अशी हुलकावणी दिली की महिपतीनं मांडीवर थाप मारली. पण डाव संपला, आणि गुण सांगायचे सोडून स्वरूपानं दोन्ही बाजूंच्या पोरी एकमेकींत मिसळल्या, नवे संघ केले आणि पुन्हा खेळ सुरू. मग परत तेच.

“जिंकलं कोण?” शेवटी त्यानं विचारलं.

“कुणीच न्हाय, आबा.”

“मग हरलं कोण?”

“कुणीच न्हाय.”

महिपतीचं टाळकं सरकलं. जन्मभर त्याला एकाच गोष्टीचा तिटकारा होता, आधी निकाल ठरवून खेळलेल्या नुरा कुस्तीचा. आणि इथं पोटची पोर, कुणी जिंकायचंच नाही असं आधी ठरवून, पगार घेऊन तेच करत होती. “ही नुरा हाय,” तो पोरींना ऐकू जाईल असं म्हणाला.

“आजून खेळ संपला न्हाय,” एवढंच बोलून स्वरूपानं पोरींचं रिंगण केलं आणि त्यांच्यात बसली. घरी बोलता येत नाही ते एकेकीनं इथं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, उत्तर कुणी द्यायचं नाही. सुप्रिया म्हणाली, “बारावी झाल्यावर मला लगीन न्हाय करायचं.” मग स्वरूपाची पाळी आली. “मला जायचंय. आबांच्या तोंडावर सांगायची हिंमत हुत न्हाय.”

महिपतीला काही सुधरेना. हा खेळ म्हणायचा की आणखी काय? रागवावं, तर ती त्याच्याशी बोललीच नव्हती. घरी निघावं म्हणून उठला, तर पाय रिंगणाकडं वळले. तो पोरींच्या मध्ये जाऊन बसला.

सुप्रियानं त्याच्याकडं पाहिलं. “आबा, रिंगणात बसलं की बोलाया लागतं.”

भरल्या मैदानात लंगोट लावून उतरणारा गडी, पण त्याची जीभ अडखळली.

“हिचं काम मला आजून कळलं न्हाय,” तो म्हणाला. “पर मला भ्या वाटतंय. ही गेली की परत यायची न्हाय. तेवढ्यापायी नको म्हणत हुतो. पर जाऊ दे तिला.”

आणि त्यानं लेकीकडं पाहिलं. ‘येईन’ एवढा एकच शब्द त्याला हवा होता. स्वरूपाचे डोळे भरले, ओठ हलले, पण रिंगणात उत्तर द्यायचं नव्हतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. शेजारच्या पोरीनं बोलायला सुरुवात केली.