मुळ्याच्या पिंपावरचा दगड

ताकिझोने लोणच्याच्या पिंपावरचं कापड बाजूला केलं आणि त्याचं तोंड उतरलं. मुळ्यांवर दाबाला ठेवलेला दगड म्हणजे नदीतला साधा गोटा होता.

"फुमिनो, आईचा दगड कुठे गेला?"

"आलास तो थेट पिंपापाशीच? आधी चहा तरी घे, दादा," बहीण आतून म्हणाली.

ताकिझो खाणमजुराचं पोर. चौथीत शाळा सुटली. कोळशातून दगड निवडता निवडता त्याला दगडांत रुतलेले लाखो वर्षांपूर्वीचे शंख दिसू लागले, आणि उसन्या पुस्तकांवर तो असा काही शिकला की आज जपानच्या होक्काइदो बेटावरचे प्राध्यापक त्याचा शब्द प्रमाण मानतात. पण आईच्या दगडाच्या कडेला लहानपणी पाहिलेली शंखाची नक्षी पुढे कुठल्याच डोंगरात त्याला सापडली नाही. फोडू दे म्हणून तो किती मागे लागला होता! "शंखानं पोट भरतं का रे?" म्हणून आईने हाकलून लावलं. तिचंही खरं होतं. अख्खं घर हिवाळाभर त्या लोणच्यावर भात खायचं. तोही हट्टाला पेटला. पुन्हा मागितला नाही, आणि घरीही क्वचितच फिरकला.

फुमिनोने कपाटातून आईच्या एप्रनमध्ये गुंडाळलेलं गाठोडं आणलं.

"पेपरात तुझं नाव पहिल्यांदा आलं ना, त्याच दिवशी तिनं हा काढून ठेवला. त्या वयात नदीवर जाऊन दुसरा गोटा पाठीवरून आणला."

"मग मला कळवलं का नाही?"

"म्हणायची, येईल की. माझ्यासमोर फोडेल. जन्मभर दगडांत काय बघतो ते मलाही एकदा बघू दे." फुमिनोने डोळे टिपले. "आणि तू आलास तो तिच्या मयतालाच."

ताकिझोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, देव्हाऱ्यातल्या आईच्या फोटोसमोर चटईवर जुने पेपर अंथरले, दगड ठेवला आणि पिशवीतून हातोडी काढली.

"इथे? देव्हाऱ्यात धूळ जाईल की रे!" फुमिनो म्हणाली खरी, पण उदबत्तीचं भांडं तिनेच बाजूला केलं.

दोन-तीन घावांत दगड दुभंगला. ताकिझोने घट्ट डोळे मिटले, चाचपडत एक तुकडा उचलला आणि त्याची आतली बाजू फोटोकडे केली.

"काय निघालं रे? दाखव ना!"

"थांब जरा," तो म्हणाला. "आधी तिला बघू दे."