सोमवारचा भार

सगळ्या जगाला सोमवार म्हटलं की आठ्या पडतात, पण वहिनींचं उलटंच होतं. सुट्टीचा दिवस त्या कसाबसा ढकलायच्या आणि सोमवारी भोंग्याआधी अर्धा तास सूतगिरणीच्या फाटकाशी हजर! कारण सोमवारी दादा यायचे. दादांना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

दादा म्हणजे वहिनींचा नवरा. अख्ख्या पिंजण खात्याचा तो दादा, म्हणून ही सगळ्यांची वहिनी. कापूस पिंजणाऱ्या सहा नंबरच्या यंत्रावर त्यांनी अकरा वर्षं काढली आणि छातीच्या दुखण्यानं गेले. सिगारेटला कधी हात लावला नाही हो त्या माणसानं! त्यांच्या जागी वहिनींना घेतलं. पहिल्याच सोमवारी, दुपार कलताना, त्यांच्या छातीवर काहीतरी येऊन बसलं. श्वास अर्ध्यावर अडायला लागला. मंगळवारी जरा हलकं वाटलं, बुधवारी काहीच नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

"दादांचा जीव यंत्रात अडकलाय," खात्यात कुणीतरी म्हणालंच. "सुट्टीत एकटे पडतात बिचारे. सोमवारी माणूस दिसलं की बिलगतात."

जो माणूस हयातीत मुंगीच्या वाटेला गेला नाही, तो मेल्यावर कुणाची छाती कशाला दाबेल? पण हा विचार करतो कोण! दोघं-तिघं तर घाबरून सोमवारी दांड्या मारायला लागले. वहिनी मात्र छातीवर हात ठेवून हळूच म्हणायच्या, "आलात? बसा."

शेजारच्या सात नंबरवर वन्सं, म्हणजे दादांची धाकटी बहीण. भाऊ तिच्याकडेही यायचा.

"वहिनी, आज दादा माझ्याकडे जास्त वेळ होता बरं का."

"बायकोला सोडून बहिणीकडे? येऊ देत माझ्याकडे, बघतेच त्यांना."

दोघी हसायच्या आणि हसता हसता दोघींना खोकल्याची उबळ यायची. अलीकडे वन्सं म्हणत, "आता दादाचा मुक्काम शुक्रवारपर्यंत असतो." वहिनींना याचा चक्क हेवा वाटायचा. वन्सं खात्याचा जिना चढताना दोनदा थांबतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं होतं.

त्या आठवड्यात कामगारांची तब्येत तपासायला सिस्टर आली. सोमवारी सकाळी कामाआधी तिनं वहिनींना श्वास मोजायच्या नळीत फुंकायला लावलं. काम सुटल्यावर पुन्हा बोलावलं. दुसरा आकडा सकाळपेक्षा खाली आलेला बघून तिनं पेन ठेवून दिलं.

"बाई, छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशीच आवळते का?"

वहिनी दचकल्या. हिला कुणी सांगितलं?

"कापसाच्या बारीक धुळीचा आजार आहे हा," सिस्टर म्हणाली. "सुट्टीनंतर पहिल्या दिवशी धूळ छातीत गेली की श्वासाच्या नळ्या आवळतात. आधी फक्त सोमवारी त्रास होतो. पुढे तो आठवडाभर ठाण मांडतो, आणि मग फुप्फुस पहिल्यासारखं होत नाही. आत्ताच या धुळीतून बाहेर पडलात तर बहुतेक सावराल. डॉक्टर श्वासातून ओढायचं औषध देतील. तुमच्याआधी त्या यंत्रावर कोण होतं? त्यांनाही सोमवारीच व्हायचं का?"

वहिनींच्या डोळ्यांपुढे दादा आले. दर सोमवारी संध्याकाळी दादा पलंगाच्या कडेला बसत. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर चढलेले. आणि वहिनींचा पट्टा सुरू: "सोमवार आला की तुमची नाटकं सुरू! कामचुकार मेले. जा, पिठाचा डबा गिरणीतून घेऊन या." तो माणूस उठायचा. डबा खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचा.

दोन दिवस वहिनींनी तोंडाला कुलूप लावलं. वन्संना सांगायचं म्हणजे दादांना आपल्या हातानं दुसऱ्यांदा मारायचं. छातीवर येऊन बसत होते तोवर त्यांनी आपल्याला माफ केलंय असं वाटत होतं. ती माफी आता कुणाच्या तोंडून ऐकायची? पण गुरुवारी दुपारी वन्संना जिन्यात तिसऱ्यांदा थांबावं लागलं. कठड्याला धरून त्या हसल्या, "दादा आज काही सोडत नाही गं."

"ते दादा नाहीत, वन्सं." वहिनींनी एका दमात सगळं सांगितलं. धूळ, सोमवार, नळी, आकडा. मग सांगितलं, "यांना पण तेच व्हायचं. आणि मी यांना कामचुकार म्हणायचे."

वन्सं ओरडतील, अंगावर येतील, असं वाटलं होतं. त्या पायरीवरच बसल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी छाती आवळते, असं मला म्हणाला होता. वहिनीला सांगू नकोस, म्हणाला, ती लगेच काम सोडायला लावेल. मी नाही सांगितलं. तू त्याला बोलायचीस तेव्हाही गप्प बसले."

वहिनींच्या हाताच्या मुठी वळल्या. क्षणभर वाटलं, हिला इथंच धरून गदागदा हलवावी. इतकी वर्षं! एक शब्द बोलली असती तर!

"म्हणून येऊ दे त्याला," वन्सं रडत म्हणाल्या. "दाबू दे मला. मी त्याचं तेवढं देणं लागते."

"मेलीस तर त्यांना काय मिळणार आहे गं?" वहिनी कडाडल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी नणंदेला 'अगंतुगं' केलं होतं. त्यांनी वन्संना दंडाला धरून उठवलं आणि अर्ध्या अर्ध्या जिन्याला थांबत सिस्टरच्या खोलीत नेलं. सिस्टरनं नळी पुढे केली. वन्संनी ती हातात घेतली, पण तोंडाला लावेनात.

"फुंक," वहिनी म्हणाल्या. त्यांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "सगळा श्वास सोड. जाऊ दे त्यांना आता."

वन्संनी नळीवर ओठ घट्ट मिटले आणि फुंकलं.