कोपराच्या वर चार बोटं

आंघोळ होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि आंघोळीनंतरचा पहिला शब्द देवाचा, हा माझा एकवीस वर्षांचा नेम. त्याचा कुणाला जाच होऊ नये म्हणून मी पहाटेच उठून चार तांब्यांत उरकून घेते. घर जागं होतं तेव्हा मी बोलायला मोकळी असते.

त्या दिवशी मात्र प्लंबरने घोळ घातला. दहाला येतो म्हणालेला माणूस पहाटे साडेपाचला दारात उभा. "दुपारी दुसरीकडे फुटलेली टाकी बदलायचीय, वहिनी. म्हटलं आधी मास्तरांचं काम उरकू." माझ्या खांद्यावर टॉवेल तसाच. मी दोन्ही हात हलवत त्याच्यामागे जिना चढले, तर तो म्हणाला, "असू द्या, असू द्या, चहा नंतर." आणि त्याने गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला.

मास्तर म्हणजे हे. शिंपीकाम करतात. चार महिन्यांपूर्वी यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणंही आलं. डावा हात उचलता येतो, मूठ वळते, पण खांद्यापासून बोटांपर्यंत कातडीला काही कळतच नाही. उजवा हात कात्री चालवतो, पण कापड सुईखाली सरकवतो तो डावा. दुसऱ्या महिन्यात हे हट्टाने मशिनवर बसले. पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका दिसला तेव्हा यांना कळलं की सुई बोटातून आरपार गेलीय. "अरेरे, कापड खराब झालं," एवढंच म्हणाले, आणि मशिनवर झाकण घातलं. ते झाकण अजून उघडलं नव्हतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, कातडी जागी करायची तर तिच्यावर रोज पाण्याची जोरदार धार घ्या. जागी होईलच असं नाही, पण करून बघा. मग आमचा शॉवर बघून त्या म्हणाल्या, "ही धार नाही हो, हा घाम आहे."

तरी मी रोज यांना खुर्चीवर बसवून त्या घामाखाली हात धरत होते. "लागतंय?" असं विचारलं की हे म्हणायचे, "थांब, बघून सांगतो." आम्ही दोघं हसायचो. मग एके दिवशी यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "हो, लागतंय की."

पाणी नेमकं तेव्हाच बंद पडलं होतं.

माझं मन राखायला बोलले होते ते. पण त्या दिवसापासून मला विचारायचीच भीती वाटू लागली. माझ्या विचारण्यातच त्यांना उत्तर मिळत होतं.

तर प्लंबर न्हाणीघराच्या भिंतीतली जुनी नळी मोकळी करत होता आणि मी मुकाट उभी. त्याने दोनदा काही विचारलं, मी मान हलवली. मग त्याने आवाज चढवला, जणू मला ऐकू येत नाही. "पाना द्या, पाना! लाल मुठीचा!"

"ओरडू नका हो," हे बाहेरून म्हणाले. "ऐकू सगळं येतं तिला. आंघोळ होईपर्यंत बोलत नाही, एवढंच."

"आणि पाणी तर मी बंद केलंय."

"म्हणून तर म्हणतो, सावकाश होऊ द्या. मी इतकी शांत सकाळ कितीतरी वर्षांत बघितली नाही."

मी डोळे वटारले. प्लंबर खो खो हसला. वास्तविक मी कधी आवाज चढवत नाही, शेजारणी मला दोनदा विचारतात काय म्हणालीस म्हणून. पण यांना चेष्टा करायला तेवढंच पुरलं.

मग त्याने लोखंडी नळी कापली आणि हसायचा थांबला. "वहिनी, हे बघा."

बाहेरून नळी अंगठ्याएवढी जाड. आत पांढरट, पिवळट दगड साचलेला, गोलाच्या आत गोल, गोलाच्या आत गोल, झाडाच्या बुंध्यात असतात तसे. मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. मी ती खिडकीकडे धरून डोळा लावला. पलीकडे आभाळाचा एक ठिपका दिसला.

या ठिपक्यातून सव्वीस वर्षं पाणी आलं. मुलीची पहिली आंघोळ, सासूबाईंची शेवटची, माझ्या नेमाचे सगळे तांबे. नळी रोज थोडी मिटत होती आणि पाणी रोज वाट काढत होतं. मी ती नळी कपाळाला लावली. प्लंबरने मान दुसरीकडे वळवली.

नवी, रुंद नळी बसली. नळ उघडला की आपोआप चालू होणारा छोटा पंप टाकीपाशी बसला. ताटलीएवढा नवा शॉवर लागला. बारा वाजले. प्लंबर पंपापाशी गच्चीवर गेला आणि झरोक्यातून ओरडला, "सोडा!"

मी नळ फिरवला. शॉवर खोकला, तांबडं पाणी थुंकला, क्षणभर गप्प झाला. मग पाणी आलं. पडलं म्हणवत नाही, छतापासून फरशीपर्यंत ते उभंच राहिलं. त्या आवाजात घरातले बाकीचे आवाज बुडाले. गरम-गार बेताचं झालंय ना ते मी माझ्या कोपराने पाहिलं, कारण यांच्या हाताला चटकाही कळला नसता. माझ्या कोपरावर एकेक थेंब वेगळा मोजता आला असता. मला एकदम भरून आलं. हे पाणी इतका काळ आमच्या डोक्यावरच होतं.

यांना खुर्चीवर बसवलं. तोंडावर पाणी उडत होतं म्हणून यांनी डोळे मिटले. मी खुर्ची हळूहळू सरकवत डावा दंड धारेखाली आणला आणि गप्प उभी राहिले. मी अजून पारोशी होते. विचारता येत नव्हतं.

बराच वेळ काही नाही. मग यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, टोचतंय."

मी श्वास धरला.

"सुया आहेत. बारीक, अकरा नंबरच्या. दंडावर, मागच्या बाजूला."

पाणी तिथेच पडत होतं. मी आवाज न करता माझा तळवा मध्ये धरला.

"गेल्या," हे म्हणाले.

तळवा काढला.

"आल्या."

पुन्हा धरला. "गेल्या." काढला. "आल्या गं, आल्या!" डोळे मिटलेलेच होते. मी तळवा खाली खाली नेत गेले. कोपराच्या वर चार बोटांवर पोचले, तिथे तो धरला काय, काढला काय, यांना काहीच कळेना. त्याखाली अजून सगळं झोपलेलं होतं. पण वरचं जागं होतं, आणि ते मी विचारून मिळवलेलं नव्हतं.

"तू काही बोलत का नाहीस?" यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना आठवलं. "अजून पारोशीच होय! मग धारेबाहेर काय उभी आहेस?"

मी कपड्यांसकट धारेखाली शिरले. पाण्याने डोक्यावर, खांद्यावर असा काही मारा केला की मला उभंच राहवेना. मी यांच्या खुर्चीला धरून देवाचं नाव घेतलं. एकदा घेतलं, पण पाण्याच्या आवाजात ते माझं मलाच ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने घेतलं.

"वहिनी बोलल्या वाटतं!" झरोक्यातून प्लंबर ओरडला. "धार बरी आहे का?"

"आहे!" मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "आहे हो, आहे!"

दुपारी अंग पुसून, सदरा घालायच्या आधी यांनी मशिनच्या खणातला निळा खडू मागितला. "माप घेऊन ठेव," म्हणाले. "माप तोंडी ठेवलं की चुकतं."

मी कोपराच्या वर चार बोटं मोजली आणि यांच्या दंडावर एक रेघ ओढली. उद्याच्या धारेत ती पुसून जाईल. मग उद्या नवी काढायची.

मी खडू परत खणात ठेवायला गेले, तर हे म्हणाले, "आत नको. वर ठेव, हाताशी." म्हणून मी मशिनवरचं झाकण काढलं आणि खडू तिथे ठेवला.