तोंडातल्या टाचण्या

माझं तोंड वाकडं झालं ते अर्धांगाच्या झटक्यानं. ते मुळातच वाकडं होतं, असं नातेवाइकांनी मनातल्या मनात म्हणून घेतलं असणार. म्हणोत बापडे. हात वाचले, पाय वाचले, तोंडाची डावी बाजू तेवढी लोंबत राहिली. पण मी कपडे शिवते, आणि गिऱ्हाईक अर्धं कात्रीने टिकतं, अर्धं तोंडाने. हे असलं तोंड घेऊन मी दुकानात उभी राहणार नव्हते. सरळ झालं तर शटर वर जाईल, नाहीतर मशीन विकून टाका, असं मी नवऱ्याला बजावलं होतं.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज आरसा धरून म्हणायच्या, "हसा." मी हसायची. उजवीकडचं हलायचं, डावीकडचं ढिम्म. शेवटी त्या म्हणाल्या, "सांगून आणलेलं हसू वेगळं आणि आपसूक येणारं वेगळं. मेंदूत दोघांच्या वाटा वेगळ्या असतात. एकदा खरं हसू येऊ दे, मग त्या बाजूला कामाला लावू."

झालं. घरात सर्कस सुरू. नवऱ्याने विनोद सांगितले. तो शेवट आधी सांगतो आणि मग स्वतःच हसतो. मुलीने फोनवर घसरून पडणारी माणसं दाखवली. मला त्यांच्या पँटची उसवलेली शिवण दिसली.

मग नवऱ्याने नको तो उद्योग केला. माझ्या धाकट्या जावेला बोलावलं.

हिच्याशी माझं बोलणं बंद. भाचीच्या लग्नात हिने माझी नक्कल केली होती. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली होती, आणि मी दारात आले तशी सगळी चिडीचूप. तिने नेमकं काय केलं ते मला कोणी सांगितलं नाही. सगळ्यांनी पाहिलं, मी सोडून. त्या दिवसापासून माझ्या लेखी ती मेली.

ती आली आणि दारातच उभी राहिली.

"मला हौस नव्हती यायची. दादांनी हात जोडले म्हणून आले."

"मग चालती हो," मी म्हणाले. शब्द ओघळले, पण अर्थ पोचला.

"जातेच. तेवढं दाखवून जाते. तुमचा राग नक्की कशावर आहे, ते तरी कळू दे तुम्हाला."

तिने माझी टेप गळ्यात टाकली, माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि तोंड वाकडं केलं. डावा कोपरा मिटलेला, शब्द उजवीकडून.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. हाताशी होती ती उशी मी तिच्यावर फेकली. "आजाराची चेष्टा करतेस? सटवे!"

ती जागची हलली नाही. "आजार आत्ताचा, वहिनी. मी लग्नातही हेच केलं होतं. तोंडात टाचण्या आहेत."

टाचण्या. शिवायला शिकले तेव्हापासून मी त्या डाव्या ओठांत धरते आणि उजवीकडून बोलते. गिऱ्हाइकांनी माझं तोंड सरळ असं कधी पाहिलंच नव्हतं.

बया तेवढ्यावर थांबली नाही. माझ्याच नवऱ्याच्या पोटाला टेप गुंडाळून म्हणाली, "श्वास आत. आणखी आत. एवढंच जातं? मग पोटासाठी वेगळं कापड आणा साहेब, शर्टाच्या कापडात हे बसायचं नाही."

नवऱ्याने खरंच श्वास रोखला. लालबुंद झाला, तरी सोडेना.

"सोडा आता," ती माझ्या आवाजात खेकसली, "मेलात तर ट्रायलला कोण येणार?"

मला हसू फुटलं. नको होतं, तिच्यासमोर तर मुळीच नको होतं. नाकातून आलं, डोळ्यांतून आलं, लाळ हनुवटीवर आली. झटका आल्यापासून मी किती घाबरले होते, ते हसता हसता कळलं. मुलगी आरसा घेऊन धावली. डावा कोपरा वर गेला होता. थोडासाच.

नवरा रडायला लागला. जाऊ रडली नाही, बरं झालं. टेप टेबलावर ठेवून ती निघाली.

"कुठे चाललीस?"

"घरी. झालं की काम."

"बस खाली." मी हनुवटी पुसली. "अख्ख्या लग्नघराला दाखवलंस. आता मला दाखव. पहिल्यापासून."