अठराचा रकाना

मोठ्या सिस्टरांना सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वर्गात जाऊन बसावं लागलं. ही गोष्ट त्यांनी घरी हसत सांगितली खरी, पण मनातून त्यांना ती चांगलीच लागली होती. नवा नियम आला होता. ज्यांच्याकडे नुसती जुनी पदविका आहे, त्यांनी दोन वर्षांत पदवी पूर्ण करायची, नाहीतर वॉर्डची जबाबदारी विसरा. चोवीस वर्षं इंजेक्शनं दिली, टाके काढले, गेलेल्यांचे डोळे मिटले, आणि आता म्हणे परीक्षा द्या! नवऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "डबा भरून देऊ का गं? आणि वर्गात कुणी चिडवलं तर मला येऊन सांग." मुलगी तर त्यांना 'बाळ' म्हणूनच हाक मारायला लागली.

शिकवायला कोण, तर दहा वर्षांपूर्वी त्यांच्याच हाताखाली पहिली सुई टोचताना रडवेली झालेली पोर. आता ती मॅडम. पोर गुणी होती, अभ्यासू होती, आणि नेमकं हेच सिस्टरांना सहन होत नव्हतं. सोमवारी तिने काम दिलं: आपापल्या वॉर्डातले दहा पेशंट घ्यायचे, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्यांचे श्वास मोजायचे आणि तक्त्यातल्या आकड्यांशी ताडून बघायचे.

सिस्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम, आता श्वास मोजायला शिकवणार का आम्हाला?"

"शिकवत नाहीये, ताई," मॅडम खाली बघत म्हणाली. "फक्त मोजून आणा म्हणतेय."

ती खाली का बघत होती, हे सिस्टरांना पक्कं ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, कारण ही गोष्ट वॉर्डाच्या दाराबाहेर जात नाही. ताप मोजायला यंत्र आहे, रक्तदाबाला आहे, बोटाला चिमटा लावला की नाडी आणि ऑक्सिजन दोन्ही आकडे समोर येतात. श्वासाला यंत्र नाही. तिथे उभं राहायचं, छाती वरखाली होताना बघायची आणि मिनिटभर मोजायचं. एका वॉर्डात तीस खाटा, म्हणजे तीस मिनिटं. ती कुठून आणायची? म्हणून त्या रकान्यात अठरा लिहायचे, धडधाकट माणसाचा आकडा. तापाने फणफणलेल्याला अठरा, घोरत पडलेल्याला अठरा, घरी सोडत नाहीत म्हणून रडणाऱ्या म्हातारीलाही अठराच. कधी एखादीला लाज वाटली तर ती वीस लिहायची. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं आणि तरी सगळ्यांना येत होतं. त्या मॅडमलाही येत होतं, कारण तिने ते मोठ्या सिस्टरांचं बघूनच उचललं होतं.

गुरुवारी सिस्टरांची दुपारची ड्यूटी होती. दोन वाजता नेहमीची फेरी मारून त्यांनी सगळे तक्ते भरले. साडेतीनला जरा उसंत मिळाली, तेव्हा वही आणि घड्याळ घेऊन त्या निघाल्या. पहिला पेशंट सोळा. दुसरा वीस. "एवढ्यासाठी चार पानांचा अहवाल लिहायचा," असं पुटपुटत त्या नऊ नंबरच्या खाटेपाशी आल्या.

नऊ नंबरला टेलरकाका होते. मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशनला पाच दिवस झाले होते. बोलका माणूस. वॉर्डातल्या प्रत्येक नर्सच्या गणवेशाची शिलाई कुठे चुकली आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून सिस्टरांनी नाडी बघतोय असं दाखवत त्यांचं मनगट धरलं आणि नजर छातीवर ठेवली.

"सिस्टर, तुमचा हा डावा खांदा..." काका म्हणाले आणि थांबले. "...अर्धा इंच उतरलाय."

"गप्प बसा बघू एक मिनिट."

अठ्ठावीस.

सिस्टरांना वाटलं चुकलं. पुन्हा मोजले. एकोणतीस. काका हसत होते, पण एका वाक्याचे दोन तुकडे करून बोलत होते. बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन त्र्याण्णव, म्हणजे अगदी घाबरण्यासारखा नाही आणि चांगलाही नाही. ताप नाही. "दम लागतोय का, काका?"

"थोडासा. सकाळपासून. म्हणजे... कालपासूनच असेल."

 त्यांनी खाटेच्या पायाशी अडकवलेला तक्ता काढला. काल अठरा, अठरा, अठरा, अठरा. आज सकाळी सहाला अठरा, दहाला अठरा. दोन वाजता अठरा, आणि त्यापुढे त्यांचीच ठसठशीत सही.

त्यांनी खाटेचं डोकं वर केलं, ऑक्सिजनची नळी लावली आणि ज्युनियर डॉक्टरकडे धावल्या. तो दोन फोन आणि तीन फाइली एकदम सांभाळत होता. त्याने तक्ता घेतला आणि रकान्यावरून बोट फिरवलं.

"सिस्टर, दोन दिवस एकदम स्थिर आहेत की. आत्ताच काहीतरी हालचाल केली असेल."

"नाही हो. पडूनच आहेत. मोठ्या सरांना बोलवा."

"सलग दोन नोंदी पंचविसाच्या वर आल्या तरच सरांना कळवायचं, तुम्हालाच तर माहीत आहे. ही पहिली आहे. तासाने परत मोजा, मला सांगा."

सलग दोन नोंदी! सकाळी सहाला कुणी खरोखर मोजलं असतं, तर दहा वाजताच सरांना फोन गेला असता. सिस्टरांनी मन घट्ट केलं आणि चोवीस वर्षांत जे कधी बोलल्या नव्हत्या ते बोलल्या.

"डॉक्टर, हे अठरा खरे नाहीत. आम्ही मोजत नाही. दोनचा माझा आहे, मीसुद्धा मोजला नव्हता."

डॉक्टरने मान वर केली. तो चिडला नाही. खरं तर चिडला असता तर बरं झालं असतं.

"मग हा अठ्ठावीस तरी खरा कशावरून धरू, सिस्टर?"

  तेवढ्यात खालून अपघाताचा कॉल आला आणि "आलोच, येऊन स्वतः बघतो," म्हणत तो जिना उतरून गेला. त्याचंही खोटं नव्हतं. तो खरोखर येणार होता.

सिस्टरांनी नियम मोडून मोठ्या सरांना थेट फोन लावला. ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सने उचलला. सरांचे हात आत अडकलेत, ज्युनियरला सांगा. ज्युनियर खाली गेलाय, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग थांबा थोडं." मग त्या इन्चार्ज सिस्टरकडे गेल्या; ती त्यांची बरोबरीची मैत्रीण. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आधी खोलीचं दार लावलं.

"अगं, तू हे डॉक्टरला बोललीस? वेडी आहेस का? उद्या सगळ्या वॉर्डाला ओळीने उभं करतील!"

"माणूस दमतोय गं आत."

"मग बघ ना त्याच्याकडे. बोलत काय बसलीस?"

सिस्टर पुन्हा काकांजवळ येऊन उभ्या राहिल्या. उभं राहण्याखेरीज करण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं. हात मोकळे होते, डोकं ठिकाणावर होतं, चोवीस वर्षांचा अनुभव होता, आणि त्यातल्या कशाचा काडीचाही उपयोग नव्हता. त्या मोजत राहिल्या. एकतीस. तेहतीस. काकांनी आता गणवेशाबद्दल बोलणं सोडलं होतं. त्यांनी सिस्टरांचा हात धरला आणि सोडलाच नाही.

साडेचारला डॉक्टर धावत आला. दारातूनच त्याने काकांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग एकदम सगळं सुरू झालं: फोन, स्ट्रेचर, सर, वरच्या मजल्यावरचा अतिदक्षता विभाग. पायातली गुठळी फुप्फुसात गेली असावी, असं सर म्हणाले. दोन-चार तास आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे सिस्टरांनी विचारलं. सरांनी खांदे उडवले. "वाचलेही असते. सांगता येत नाही."

सात वाजायच्या आत काका गेले.

त्यांची मुलगी धुतलेले कपडे घेऊन आली होती. वरून रडून खाली आली आणि सामान घ्यायला नऊ नंबरपाशी गेली. गादी उचलून नेली होती. ती तिथल्याच स्टुलावर बसली. सिस्टर तिच्याजवळ गेल्या. जाऊ नये असं फार वाटत होतं, पण गेल्या.

"सिस्टर, शेवटपर्यंत तुम्हीच होतात म्हणे जवळ. तुमचे फार उपकार आहेत."

"असं म्हणू नका हो."

"मीच नालायक," मुलगी म्हणाली. "दुपारी मला म्हणत होते, दम लागतोय गं, जरा बस, जाऊ नकोस. तेवढ्यात तुम्ही येऊन तक्ता लिहून गेलात. मी वाचला. अठरा. खाली छापलंच होतं, बारा ते वीस म्हणजे ठीक. मग मी त्यांच्यावर ओरडले. बाबा, उगाच नाटकं करू नका, सगळं व्यवस्थित लिहिलंय सिस्टरांनी. आणि गेले निघून." तिने पदराने नाक पुसलं. "म्हणजे मी गेल्यावरच वाढलं ना सगळं? मी होते तोवर ठीक होते ना ते?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. इन्चार्ज लांबून डोळे वटारून बघत होती.

"मी तो आकडा मोजला नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "तसाच लिहिला होता."

मुलीला आधी कळलंच नाही. "तसाच म्हणजे?"

"म्हणजे न बघता. ते खरंच सांगत होते."

मुलगी स्टुलावरून उठली. ओरडेल, हात उगारेल, असं सिस्टरांना वाटलं. उगारला असता तर त्यांनी मारही खाल्ला असता. पण तिने अगदी हळू विचारलं, "मग तेव्हा किती होते?"

"माहीत नाही."

"आता कळेल का कुठून?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "आता कुणालाच कळणार नाही."