दाबून धरायचं बटण

लोक माझ्याकडे व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी घेऊन येतात. शिमोदा काका रिकाम्या हातांनी आले.

कॅसेट घरी आहे, म्हणाले. मशीनमध्ये. मशीन चालू आहे.

कधीपासून, मी विचारलं.

"कियोए गेली तेव्हापासून."

*

निप्पोनबाशीतल्या माझ्या दुकानात काम ठरलेलं. कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवरचा गंज पुसायचा. ओसाकाच्या दोन पिढ्यांनी कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारली. तो गंज म्हणजे त्यांचाच श्वास. पाठीवर शाईनं लिहिलेलं जुन्या मालकाचं नाव स्पिरिटनं घालवायचं. नाव गेलं की भाव चढतो. आणि बॅटरी बदलायची. मशीन बंद असताना खेळ कुठवर आला हे तीच लक्षात ठेवते, आणि ती म्हातारी होते.

कियोए काकूंची दुसरी एक कॅसेट त्या गेल्या त्याच वर्षी कोरी निघाली, बॅटरी संपून सगळा खेळ पुसला गेलेला. म्हणून काकांनी ही बंदच केली नाही. आता गुरुवारी इमारतीची वायरिंग बदलणार. दिवसभर वीज नाही.

म्हणजे चालू मशीनमध्येच

कॅसेट उघडायची, बॅटरी बदलायची. हात घसरला की सगळं पुसलं जाणार. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, गुरुवार तर येणारच आहे.

*

दुपार. चटईवर ऊन. टीव्हीत एक गाव, विहीर, चार छोटी माणसं जागच्या जागी पावलं हलवताहेत. गावाची धून संपते, सुरू होते. खोलीला तिची इतकी सवय झालेली, की खिडकीचे पडदेही तिच्या तालावर हलतात असं वाटलं.

सगळ्यात पुढची कियोए, काकांनी बोट दाखवलं. तलवारवाली.

"आणि तुम्ही?"

"मी शेवटचा. भिक्षू. जखमांना मलम लावतो. म्हणायची, घरात काही करत नाहीस, निदान इथे तरी कर."

कॅसेटच्या पाठीवर काकूंचं नाव होतं, शाळकरी पोरासारखं, मोठ्या अक्षरांत. त्याला मी हात लावला नाही.

कवच अलगद उचकटलं. आतली सर्किटची पाटी मशीनमध्ये उभी राहिली, उघडी. कथलाचा डाग द्यायची विजेची कांडी तापवली आणि तिचा प्लग काढला, कारण भिंतीतली वीज तिच्यातून पाटीत उतरली तर

धून. विहीर. धून.

जुनी बॅटरी सुटली. चौघं चालत होती. नवीच्या एका पायाला डाग दिला. कांडी गार होत चालली होती. दुसऱ्या पायाला डाग देताना पडदा थरथरला, गाव तिरकं झालं, काकांनी माझी बाही धरली.

गाव सरळ झालं.

*

राहिलं बंद करणं. आधी मशीनवरचं रीसेटचं बटण दाबून धरायचं, मग वीज तोडायची. उलट केलं तर वीज जाताना मशीन भलतंच लिहून ठेवतं. इथल्या घराघरांत आयांनी हुकमी सुरात शिकवलेली गोष्ट. काका विसरले होते. बंद करायची वेळच आली नव्हती.

मी म्हटलं, मी करू का?

"नको. माझं बोट. तू नुसती बघ बरोबर आहे का."

दाबलं. धरलं. टक्.

इतकी शांतता की फ्रीज ऐकू आला. गल्लीतली सायकल ऐकू आली. काका टीव्हीच्या काळ्या काचेत बघत राहिले. मी म्हटलं, लावून बघू या, राहिलंय का.

"थांब जरा, पोरी. इतकी वर्षं दिवा जळता ठेवून उभं ठेवलं मी तिला. झोपू दे."

आम्ही जवाचा चहा प्यायलो. मला बसल्या बसल्या पेंग आली. पेंगेत चार माणसं विहिरीपाशी आडवी झाली होती, भिक्षू सगळ्यांवर पांघरूण घालत होता.

टक्. जाग आली. काकांनी स्वतःच लावलं होतं. पडद्यावर चार नावं, पहिलं कियोएचं.

ते गावात शिरले नाहीत. नाव एकदा हळू वाचलं. मग रीसेट दाबून धरलं आणि मला काही न विचारता मशीन बंद केलं.