नळमास्तरांचा पांढरा शर्ट

"मास्तर, हे बघा! नळातून नीळ येतेय!"

तळमजल्यावरच्या शिंपीणबाई काचेचा ग्लास धरून जिन्यात उभ्या होत्या. पाणी खरंच निळसर होतं. आत त्यांचा तान्हा नातू दुधासाठी टाहो फोडत होता.

नळमास्तर म्हणजे आमच्या इमारतीत सगळ्यांत वर राहणारे गृहस्थ. उभी नोकरी पाणीखात्यात, घरोघरचे नळ तपासण्यात गेली. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी मोरीत डोकावणार, आणि नळाची रबरी नळी बादलीत बुडालेली दिसली की यजमानांची खरडपट्टी काढणार. अंगात कायम पांढराशुभ्र शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. आम्ही पाठीमागे हसायचो, पण नळ गळायला लागला की त्यांच्याच दारात जायचो.

मास्तरांनी ग्लास उजेडात धरला.

"सकाळपासून टाकी धुताहेत ना, पाइप रिकामे झालेत. अशात खाली कुणी नळ सोडला की वरचं पाणी ओढलं जातं. वर कुणाची तरी नळी निळीच्या बादलीत बुडालीय आणि नळ उघडाच राहिलाय. बादलीतलं पाणी नळीतून उलटं पाइपात, आणि तिथून ह्यांच्या ग्लासात!"

"नीळच आहे ना मास्तर," मी म्हणालो. "कपडे उजळतात, पोटही उजळेल."

"आज नीळ आहे म्हणून दिसली तरी. उद्या कुणी मोरी धुवायचं औषध कालवून ठेवलं आणि ते बाळाच्या बाटलीत गेलं, तर?"

माझं हसू जिरलं. शिंपीणबाईंनी ग्लास मोरीत ओतला.

मग आमची वरात निघाली. पुढे मास्तर, मागे शिंपीणबाई कडेवर नातू घेऊन, त्यांच्यामागे मी. पहिला थांबा माझंच घर. माझी नळी बादलीत होती, पण बादली कोरडी, म्हणून वाचलो. भाषण मात्र चुकलं नाही.

"नळीचं तोंड बादलीच्या काठाच्या वर पाहिजे. चांगलं चार बोटं वर! मधे हवा राहिली की घाण पाणी नळात चढूच शकत नाही. नियम काय शोभेला केलेत?"

माझ्या वरच्या घरातल्या नर्सबाईंकडे नळीच नव्हती. त्यांना शाबासकी मिळाली. आता उरलं एकच घर.

"आमच्याकडे काय बघायचंय?" मास्तर हसून म्हणाले. "बाहेरूनच कुठून तरी आलं असेल."

"नियम म्हणजे नियम, मास्तर," शिंपीणबाई म्हणाल्या आणि त्यांनीच बेल वाजवली.

मास्तरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, दार उघडलं. "अहो, एवढे सगळे कशाला?"

मोरीत एक स्टूल होतं. समोर निळीची बादली, बादलीत मास्तरांचे पांढरे शर्ट, आणि शर्टांच्या मधोमध तळापर्यंत गेलेली रबरी नळी. नळ उघडाच होता.

"बादली भरता भरताच पाणी गेलं," काकू सांगू लागल्या. "म्हटलं, येईल तेव्हा भरेल. माझे गुडघे हे असे. भरलेली बादली उचलायला नको म्हणून तुम्हीच तर ही लांब नळी लावून दिलीत."

मला गंमत वाटायला हवी होती, कारण मघाचं भाषण अजून कानात होतं. पण मास्तरांचा चेहरा पाहून ती वाटेना. ते स्टुलावर बसले. मग बाळाकडे बघत म्हणाले, "चूक माझी आहे. हिची नाही."

ते उठले, नळ बंद केला, करवतीचं पातं आणलं आणि नळी कापली. काकू हळूच म्हणाल्या, "आता बादली नळाखालून उचलायची कुणी?"

"मी."

पाणी आल्यावर संध्याकाळपर्यंत त्यांनी प्रत्येक घरातले नळ स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहते ठेवले. शिंपीणबाईंनी त्या दिवशी दुधासाठी पाणी शेजारच्या इमारतीतून आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो, तर मास्तर शिंपीणबाईंच्या दारात उभे. शर्ट त्यांनी स्वतः धुतलेला दिसत होता. छातीवर निळीचे हे मोठाले डाग, पण बटणं नेहमीसारखी गळ्यापर्यंत.

"तुमच्या नळाचं पाणी द्या," ते म्हणाले.

शिंपीणबाईंनी ग्लास भरून दिला. मास्तरांनी तो उजेडात धरला, वास घेतला आणि सगळा रिकामा केला. मग डागाळलेल्या बाहीनेच तोंड पुसून म्हणाले, "हं. आता करा बाळाचं दूध."